माझ्या दुकानाला शटर नव्हतं

त्या दिवशी आमच्या गल्लीत सोळा दुकानं उघडी होती आणि त्यातल्या पंधरा दुकानांची शटरं अर्ध्या मिनिटात खाली आली. सोळावं दुकान माझं. दुकान म्हणजे काय, एक लाकडी टेबल, चार बादल्या, वर ताडपत्री आणि बाजूला नारळाचं पोतं. त्याला शटर कुठून आणू? म्हणून मी साक्षीदार झाले. लोक आता म्हणतात, मावशी मोठी धीराची. धीराबिराचं काही नाही बाप्पा, मला बंदच करता आलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात देवळाच्या पायरीला लागून मी फुलं विकते. झेंडू आणि शेवंती बार्शीटाकळीकडच्या मळ्यांतून येते, गुलाब येईल तिथून येतो. घरचे मालक वारल्यापासून सगळं एकटीच पाहते. दहावीत गणितानं पाडलं, पण पुडी बांधायच्या रद्दीतला पेपर पूर्ण वाचल्याशिवाय मी तो फाडत नाही, त्यामुळे लिहायला अडत नाही. लिहिते शाळेतल्यासारखं, बोलते मात्र माझंच, आणि ते कोणाला भांडल्यासारखं वाटत असेल तर त्यांनी कानात बोळे घालावेत.

तर झालं असं. आमच्या गल्लीत एक भाऊ आहे. नाव काहीही असो, त्याला सगळे भाऊच म्हणतात, त्याची माय सुद्धा. पुढच्या वेळी नगरसेवक व्हायचा त्याचा विचार होता, म्हणून त्याचा वाढदिवस आदल्या आठवड्यापासूनच सुरू व्हायचा. माझ्या समोर सहा-सात पावलांवर चहाची हातगाडी. चहावाला चाळिशीचा, बोलायला कमी. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मला न विचारता चहा आणून ठेवायचा. भाऊच्या मंडपाचा एक बांबू नेमका त्या गाडीच्या जागी रोवायचा होता.

भाऊ म्हणाला, "गाडी हटव."

चहावाला म्हणाला, "उकळी येऊ द्या भाऊ, मंग हटवतो."

बस्स, एवढंच. यापलीकडे एक शब्द नाही. भाऊनं इकडे तिकडे पाहिलं, माझ्या टेबलाशी आला, नारळ सोलायचा माझा कोयता उचलला आणि गेला. पहिला वार त्यानं गाडीच्या ताडपत्रीच्या दोरीवर केला. ताडपत्री पेटत्या शेगडीवर लोंबली. चहावाल्यानं गाडीच्या कडेवर हात ठेवून म्हटलं, "भाऊ, पेटंल ना." दुसरा वार त्या हातावर झाला. तो चुकून झाला नव्हता. भाऊ आधी हाताकडे पाहून थांबला होता, मग मारला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. आणि मग, खोटं वाटेल, तो परत आला, कोयता होता तिथं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हा घ्या." घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची सवय त्याच्या मायनं लहानपणापासून लावली होती.

शटरं पडल्याचा खडखडाट मला आठवतो. त्यानंतर गल्लीत मी होते, चहावाला होता आणि उतू गेलेला चहा होता. देवळावर कॅमेरा आहे. पण त्याच्या पुढ्यात दोन दिवसांपूर्वीच भाऊच्या वाढदिवसाचा पहिला बॅनर बांधला होता, त्यामुळे कॅमेऱ्यानं पूर्ण आठवडाभर बॅनरची मागची पांढरी बाजू टिपली.

त्याच दिवशी पोलीस आले तेव्हा मी भयंकर संतापले होते. माझा कोयता होता तो! टेबलावर उघडा ठेवला होता मी. ही गोष्ट मला आजही खाते. मी सगळं सांगून टाकलं, पहिला वार, दुसरा वार, "हा घ्या" सुद्धा. राग उतरला तेव्हा बयान लिहून झालं होतं आणि कोयता पुराव्याच्या पिशवीत गेला होता. माझे नारळ तेव्हापासून गिऱ्हाईकांना शेंडीसकटच न्यावे लागतात.

भाऊला काही दिवसांनी जामीन मिळाला. त्याच्या दोस्तांनी स्वागताचा हार सांगितला, आणि कुठे सांगावा? माझ्याकडेच! गल्लीत फुलांचं दुसरं दुकान नाही, त्यात त्यांचाही काय दोष. दोन माणसांनी उचलावा एवढा झेंडूचा हार मी ओवला. फूल उलटं बसलेलं मला चालत नाही, म्हणून एक पदर सोडून पुन्हा केला. ज्याच्याविरुद्ध मी साक्ष देणार, त्याच्या सुटकेचा हार मी दोनदा ओवला.

भाऊ हार घालून माझ्यापुढे आला, वाकला आणि माझ्या पाया पडला. खाली वाकलेला असतानाच म्हणाला, "मावशी, सांभाळून चालत जा. या वयात हाडं मोडली का जुळत नाईत."

मी आशीर्वाद दिला. सवयीनं हात डोक्यावर गेला, काय करू?

चहावाला दोन महिन्यांनी गाडीवर परत आला. उजव्या हातात अंगठा आणि करंगळी उरली होती. डाव्या हातानं ओतायला शिकत होता, अर्धा चहा बशीत, अर्धा रस्त्यावर. पहिल्या दिवशी माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि म्हणाला, "मावशी, बाकीच्यायनं शटर पाडलं होतं. तू एकलीच हायेस." मी म्हटलं, "हाव." हाव म्हणजे साक्ष देईन, हे त्याला कळलं. मला मात्र त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

कारण दुसरीकडे भाऊची माय होती. वीस वर्षं मी तिच्या दाराच्या कडीला रोज सकाळी फुलपुडी अडकवते. तिच्या देवाची फुलं आहेत ती, पोरानं काय केलं याचा देवाशी काय संबंध, म्हणून मी ती बंद केली नाही. एका सकाळी ती दारातच उभी होती. माझा हात धरून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुले कायी दिसलं नाई, एवढंच म्हन. माह्या डोक्यावर हात ठिवून सांग." मी सांगितलं. दिसलं नाही म्हणेन. इकडे एकाला हाव म्हटलं, तिकडे दुसरीला हाव म्हटलं, आणि दोघांनाही मी मनापासूनच म्हटलं होतं.

मग समन्स आलं. शिपाई नवा होता, त्याला पत्ता सापडेना. गल्लीच्या तोंडाशी त्यानं विचारलं, आणि त्याला कोण सापडावं? भाऊ. भाऊनं त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसवून माझ्या दारात आणून सोडलं. मी सही करेपर्यंत भाऊ बाजूला उभा राहिला. वर म्हणतो कसा, "मावशी, नीट वाचून घ्या. तारीख चुकवू नका, कायद्यानं यावंच लागते."

मी काय केलं असेल? मी पळाले. सकाळी फुलपुड्या टाकल्या, दुकानावर ताडपत्री ओढली आणि एसटीनं थेट अचलपूरला भावाकडे गेले. भावाला वाटलं मी शेतातली संत्री पाहायला आले. चार दिवसांनी खरं सांगितलं तर म्हणाला, "बह्याड झाली का तू? गुन्हा त्यानं केला अन् फरार तू?" वहिनी म्हणाली, राहू द्या, इथं कोण येते. मी तारखेच्या दिवशी तिच्यासोबत कुरड्या वाळवल्या आणि मनाशी म्हटलं, सुटले.

सुटले कसली! साक्षीदारानं समन्स घेऊन तारीख चुकवली की वॉरंट निघतं, हे मला माहीत नव्हतं. आठवड्यानं एक पोलीस बाई आणि एक हवालदार भावाच्या अंगणात उभे. अंगणात अख्खी आळी जमली. वहिनीनं आधी त्यांना चहा दिला आणि मग ती रडायला लागली. पोलीस बाई वयानं माझ्या मुलीसारखी होती. ती मला म्हणाली, "काकू, कपडे घ्या, डबा घ्या. घाबरू नका, तुमी आरोपी नाई." मग मला धरून का नेता, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कारन आरोपी येते. साक्षीदार येत नाई."

परतीचा सरळ रस्ता अकोटवरून. पण त्या बाईला अमरावतीत मावशीकडे अर्धा तास जायचं होतं, म्हणून माझं वॉरंट अमरावतीवरून निघालं. मावशीनं तिघांपुढे गिला वडा ठेवला. मला म्हणाली, "लाजू नका, घ्या अजून. तुमी कोनाकडच्या?" मी पोलीस बाईकडे पाहिलं. तिचं तोंड वड्यानं भरलेलं होतं. हवालदार म्हणाला, "वॉरंटातल्या." मावशी म्हणाली, "अस्सं," आणि मला आणखी एक वडा वाढला. चव चांगली होती, आणि भीती एवढी होती तरी मी दोन्ही खाल्ले, हे कबूल करते.

अकोल्याच्या कोर्टात मी दोन पोलिसांच्या मधे बसले होते. भाऊ गॉगल लावून एकटाच आला, मोटरसायकल सावलीत लावली आणि माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली. "मावशी, लय वाळल्या." बघणाऱ्याला काय वाटलं असेल? आरोपी कोण ते विचारलं असतं तर कोणीही माझ्याकडे बोट दाखवलं असतं.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, का आला नाहीत. मी म्हटलं, "भीती वाटली साहेब." ते रागावले नाहीत. म्हणाले, "समन्स आलं की यावंच लागतं बाई, ते तुमच्या इच्छेवर नाही. आणि आल्यावर खरं सांगावं लागतं, खोटं सांगितलं तर तो वेगळा गुन्हा. पण भीती वाटत असेल तर संरक्षणासाठी अर्ज करता येतो. पळून जाता येत नाही." माझ्याकडून जातमुचलका लिहून घेतला, पुढच्या तारखेला हजर राहीन म्हणून, आणि मला सोडलं. अर्जही मी तिथंच दिला.

संरक्षण आलं. आठ दिवसांनी दोन शिपाई आले आणि माझ्या ताडपत्रीच्या खांबाला एक वही टांगून गेले. गस्तीवरच्या शिपायानं रोज येऊन त्या वहीत वेळ लिहायची, सही करायची. वहीला दोरी बांधलेला पेन. तिसऱ्या दिवशी पेन गेला. शिपाई आला तेव्हा भाऊ समोर चहा पीत होता, त्यानं खिशातला पेन काढून दिला. शिपायानं आजची सही केली, कालची केली आणि, ऊन फार आहे म्हणून, उद्याचीही करून ठेवली. मी म्हटलं, "उद्या मले काई झालं तर?" तो म्हणाला, "काकू, वाईट कायले बोलता? तुमची वही भरून हाये नं." गिऱ्हाईकं त्या वहीला मंडळाची वर्गणीवही समजून नावं सांगायला लागली. हसू नका, मी सांगते ते खरं आहे.

मग तारखा. एकदा भाऊचे वकील आले नाहीत. एकदा भाऊच्या पोटात दुखत होतं. एकदा वकिलांचा बहिष्कार, एकदा साहेब रजेवर. दर वेळी आम्ही सगळे एकाच ऑटोनं जायचो आणि एकाच ऑटोनं यायचो, कारण जुन्या शहराकडे जाणारा ऑटो भरल्याशिवाय निघतच नाही. मी, चहावाला, समोरचा शिंपी, चपलांच्या दुकानवाला आणि भाऊची माय. भाऊची माय आपल्या डब्यातलं सगळ्यांना द्यायची. चहावाल्याला घास डाव्या हातात घ्यावा लागायचा, आणि ती त्या वेळी दुसरीकडे पाहायची.

शेवटी साक्षी सुरू झाल्या. शिंपी म्हणाला, माझं शटर खाली होतं, मला काही दिसलं नाही. चपलांवाला म्हणाला, माझंही शटर खाली होतं. हे त्यांनीच येताना ऑटोत सांगितलं, आणि सांगताना दोघं खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचा राग मला आला नाही, कारण मीही तेच म्हणणार होते. वाटेत तोंडातल्या तोंडात पाठ करत होते, मला काही दिसलं नाही, मी फुलं ओवत होते.

माझ्या दिवशी चहावाल्याला माझ्या आधी बोलावलं. आम्ही बाहेर बाकावर. आत कोण काय बोलतो ते बाहेरच्या साक्षीदाराला ऐकू देत नाहीत. तो लवकर बाहेर आला आणि माझ्याकडे न पाहता जिना उतरून गेला. मला वाटलं, बिचाऱ्याला सगळं पुन्हा आठवलं असेल. तेवढ्यात पट्टेवाल्यानं माझ्या नावाचा पुकारा केला.

पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. समोर सरकारी वकील बाई, तिशीच्या, टेबलावर फायलींचा ढीग, आवाज बसलेला. मागच्या बाकावर भाऊची माय. बाजूला भाऊ हात बांधून, अगदी शाळेतल्यासारखा. वकील बाईंनी विचारलं, त्या दिवशी काय पाहिलं. मी म्हटलं, "मले काई दिसलं नाई. मी फुलं ओवत होती."

बाईंनी उसासा टाकला. माझ्याआधी किती जणांनी त्यांना हेच ऐकवलं असेल कोणास ठाऊक. साहेबांना म्हणाल्या, "साक्षीदार फितूर झाली आहे, उलट प्रश्न विचारायची परवानगी असावी." फितूर! माझ्या सात पिढ्यांत तो शब्द कोणी ऐकून घेतला नव्हता. तरी मी तो गिळला.

"चष्मा आहे का तुम्हाला?"

"नाई."

"चहाची गाडी टेबलापासून किती लांब?"

"सहा-सात पावलं."

"तेवढ्यावरचं दिसलं नाही. बरं, हा कोयता तुमच्याच टेबलावरून उचलला. तुमच्या हाताजवळून. तोही दिसला नाही?"

"नाई."

"म्हणजे हाताजवळचंही दिसत नाही." बाईंनी फाईल मिटली. त्या खरंच दमलेल्या होत्या, मुद्दाम बोलल्या की सहज, मला आजही कळलेलं नाही. म्हणाल्या, "मग फुलं कशी विकता हो? शिळं कोणतं, ताजं कोणतं, तेही दिसत नसेल. लोकांच्या देवाला शिळीच फुलं जात असतील."

झालं! पायापासून डोक्यापर्यंत मला आग लागली. वीस वर्षांत माझ्या पुडीत शिळी पाकळी निघाली असेल तर दाखवावी कोणी! मी म्हटलं, "ओ बाई, तोंड सांभाळून बोला! शियं फूल मी दहा पावलांवरून ओयखते. साहेबाच्या मागच्या फोटोले घातलेला हार तिसऱ्या दिवसाचा हाये, पानी मारून ताजा केला, जवळ जाऊन पाहा. मले दिसत नाई म्हनता? पहिला वार दोरीवर पडला, दुसरा हातावर. अन् दुसरा चुकून नाई पडला. यानं हाताकडे पाह्यलं, थांबला, मंग मारला. तीन बोटं. अन् कोयता मले वापस देऊन म्हनते, मावशी, हा घ्या. दिसत नाई म्हनता मले!"

 पट्टेवाला फोटोच्या हाराकडे पाहत होता. मी काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं. पिंजऱ्याचा कठडा धरला. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, सावकाश पुन्हा सांगा, लिहून घ्यायचं आहे." मग मी सावकाश सांगितलं, एकेक वाक्य, आणि शेजारी टायपिस्ट बाई टकटक करत राहिल्या. भाऊच्या मायकडे मी पाहिलं नाही.

भाऊचे वकील उठले. पांढरे केस, गोड आवाज. "आधी खोटं बोललात की आत्ता?"

"आधी."

"का?"

"भीती वाटते म्हनून."

"आरोपीच्या घरी रोज जाता, फुलं देता. त्याचा हारही तुम्हीच केला. कसली भीती?"

"भीती होती म्हनूनच केला साहेब. नसती तर म्हटलं असतं, चाल हट."

कोणीतरी हसलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "स्वतः जखमी इसमानं आज इथं शपथेवर सांगितलं आहे की त्याची बोटं शटरमध्ये सापडली, आरोपीचा काही संबंध नाही. तुम्ही त्याच्याहून जास्त जाणता?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ज्याच्यासाठी मी भाऊच्या मायला दिलेली शपथ मोडली, तोच आत येऊन नाही म्हणून गेला होता! राग आला, आणि रागानं मला नेहमीच वाचा फुटते. मी म्हटलं, "साहेब, गल्लीतले सगळे म्हनतात शटर खाली होतं म्हनून दिसलं नाई. मंग त्याची बोटं कोनत्या शटरात सापडली? अन् त्याची तर हातगाडी हाये. हातगाडीले शटर असते का?" वकील म्हणाले, एवढंच विचारायचं होतं, आणि बसले.

बाहेर ऑटो उभा होता. शिंपी, चपलांवाला आणि भाऊची माय बसलेली. एक जागा मोकळी दिसत होती. ऑटोवाला म्हणाला, "फुल्ल हाये मावशी." भाऊच्या मायनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. मी मोर्णा नदीच्या पुलावरून पायी घरी आले. मागून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला रस्ता देत आले.

निकाल अजून लागलेला नाही. मी घाबरलेली आहे, उगाच कशाला लपवू? भाऊची मोटरसायकल माझ्या टेबलापुढे आली की हळू होते आणि मग पुढे जाते. गिऱ्हाईक कमी झालं. पोलीस आता खरंच रोज येतात, कारण साहेबांनी त्यांना खडसावलं. साक्षीच्या दुसऱ्याही दिवशी फुलपुडी मी भाऊच्या मायच्या कडीला लावून आले. दुपारी ती तशीच लटकलेली होती.

चहावाल्यानं चार दिवस गाडी लावली नाही. पाचव्या दिवशी लावली. अकराला आला, ग्लास ठेवला आणि जायला वळला. मी म्हटलं, "थांब. शटर? कोनाचं शटर रे?"

तो उभा राहिला. म्हणाला, "पोरगी कालेजात जाते मावशी. दोन दिवस तिच्या मागं मोटरसायकल होती. कोनी काई म्हटलं नाई तिले. नुसती मागं होती."

 मी चार दिवस मनात त्याला घातलेल्या शिव्या गिळल्या आणि शेवंती निवडायला लागले. तो गेला नाही. गाडीवर गिऱ्हाईक हाक मारत होतं, तरी उभाच.

"मावशी, तू जे सांगतलं, थे त्यायनं लिहून घेतलं का?"

"घेतलं. एक बाई टाइप करत होती."

"सगळं?"

"सगळं."

"दुसरा वार चुकून नाई, थे?"

"थेही. साहेबानं दोनदा इचारलं, मी दोनदा सांगतलं."

त्यानं उजवा हात खिशातून काढला. गल्लीत तो हात तो कधी बाहेर काढत नाही. टेबलावर ठेवला, माझ्या फुलांच्या शेजारी, आणि त्याच्याकडे पाहत म्हणाला, "बोटं किती लिहिली?"

"तीन."

"तीनही?"

"तीनही लिहिली रे," मी म्हटलं. "नावासकट सांगतली मी, तर्जनी, मधलं अन् अनामिका. टायपिस्ट बाईनं वाचून दाखवलं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मी नाई म्हनून आलो मावशी. पन कुठंतरी लिहून पायजे होतं." आणि हात पुन्हा खिशात घालून तो गाडीकडे गेला.